डुकराच्या नाकाचा प्रश्न

निपाणी,
१८ जानेवारी १९७९

चि. भावकूस,

देवाप्पाचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझं कार्ड काल दुपारी पोचलं. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर तुमच्या घरात पाळणा हलणार, हे वाचून तुझी आक्का चुलीपुढून उठली ती तशीच हातात उलथनं घेऊन शेजारच्या तीन घरांत सांगून आली. तव्यावरची भाकरी तोवर काळी पडली. मी ती गूळ लावून खाल्ली आणि सांगतो, अशी गोड भाकरी मी जन्मात खाल्ली नाही.

आता कामाचं. मार्चअखेर बाळ येणार म्हणजे एप्रिलच्या तोंडाला बारसं. आत्येनं कानात नाव सांगितल्याशिवाय बारसं होत नाही, आणि बाळाला सख्खी आत्या एकच, माझी बायको. ती आत्या येळ्ळूरला माझ्या गाडीतून येणार, पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसून. असं मी ठरवलंय. आत्येनं अजून ठरवलेलं नाही.

कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, लिहिलं की मन हलकं होतं. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला तुमच्याकडे येताना तवंदी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकून उभी राहिली. मी स्टेअरिंगवर आणि तुझी आक्का नवं इरकल नेसून मागून ढकलतेय. नेमकी तेव्हाच मागून यष्टी आली, आणि यष्टीत तिच्याबरोबर तंबाखूच्या वखारीत कामाला असलेल्या बायका. खिडकीतून डोकं काढून एक म्हणाली, "सुलाक्का, दाजींनी गाडी घेतली का तुला कामाला लावली?" झालं. त्या दिवसापासून तिनं या गाडीत पाय ठेवलेला नाही. बाजाराला चालत जाते, माहेराला यष्टीनं येते.

भावकू, मी पंचवीस वर्षं तंबाखूवाल्या मालकाच्या गाड्या चालवल्या. मागच्या सीटवर त्यांची सगळी मंडळी मिरवली. निवृत्तीला त्यांनी ही छप्पनची डुक्कर फियाट मला दिली तेव्हा मनात एकच आलं, आता आपली बायको पुढं बसवायची. इंजिन अजून सोन्यासारखं आहे. वाकडं आहे ते नाक. हवा गाळून आत सोडणारा कंपनीचा मूळ डबा माझ्याच हातून हरवला. मग एका मिस्त्रीनं त्या जागी दूधपावडरचा डबा आणि भाताची चाळण बसवून दिली. गाडी उभी असते तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला. दिवसभर तंबाखूच्या धुळीचा खकाणा उडतो, माणसं शिंकतात, गाडीला शिंकता येत नाही म्हणून ती घाटात सूड घेते.

मी तीन वाटा शोधल्यात. एक, जीपचा डबा, तेलात धूळ पकडणारा. तो बसवून पाहिला, बॉनेट मिटत नाही, गाडीला टेंगूळ आल्यासारखं दिसतं. दोन, अँबेसिडरचा कागदी फिल्टर. कोल्हापूरचा दुकानदार म्हणतो, निपाणीच्या खकाण्यात आठवडाभर चालेल, मग फुंकर मारत बसा. तीन, तू. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यातल्या लेथवर तू काय वाटेल ते घडवतोस. कोणतं नाक निवडू, सांग.

तुझा,
देवाप्पा

*

येळ्ळूर,
२५ जानेवारी १९७९

ती. दाजींस,

भावकूचा वाकून नमस्कार. बाळाची आई बरी आहे, फक्त चिंचा संपत आल्यात.

दाजी, तुम्ही खकाण्याला नावं ठेवताय, पण अर्धा गुन्हा उष्म्याचा आहे. बॉनेटखाली भट्टीसारखी हवा असते आणि तीच गाडी ओढते. तुम्हाला तोंडाशी चूल धरून घाट चढायला सांगितला तर तुम्ही चढाल का? म्हणून मी डबा नवा करतो आणि त्याला एक लांब नळी जोडतो. तिचं तोंड पुढच्या जाळीमागं, गार वाऱ्यात. आमच्या फोरमनना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "भावकू, हे हत्तीचं केलंस की गाडीचं?" पण पत्रा कापायला परवानगी दिली.

कार्बोरेटरच्या तोंडाचं माप बिनचूक पाठवा. मागं मोटेच्या चाकाचं माप तुम्ही दोरीनं पाठवलं होतं आणि दोरी वाटेत भिजून आखडली होती, हे मी विसरलो नाही.

तुमचा,
भावकू

*

निपाणी,
२ फेब्रुवारी १९७९

चि. भावकूस आशीर्वाद.

सोबत चिंध्यांत गुंडाळलेली वस्तू जपून उघड. कार्बोरेटरचं तोंड मोजायला माझ्याकडे पट्टी होती, पण तिचे पहिले दोन आकडे झिजलेत. म्हणून घरात जे जे गोल होतं ते लावून पाहिलं. वाटी मोठी, फुलपात्र मोठं, बाटलीचं बूच लहान. शेवटी तुझ्या आक्काच्या पेटीतली हिरवी बांगडी लावली, ती अशी बसली की कासारानं गाडीचा हात दाबून भरली असावी. तेच माप. दोरी आखडते, काच आखडत नाही, हे तुझ्या फोरमनना सांग.

बांगडी नेल्याचं आक्काला ठाऊक नाही. सहा होत्या, पाच उरल्यात. ती मोजत नसावी.

देवाप्पा

*

निपाणी,
१० फेब्रुवारी १९७९

भावकूस आक्काचा आशीर्वाद.

मी मोजते. माझी बांगडी तुझ्याकडं आलीया ते मला कळलंय. चोरानं आपणहून सांगितलं. "लई हालत होती तुझ्या हातात," म्हनाले. पेटीतली बांगडी हातात कशी हालंल रं?

तू यांच्या नादाला लागू नगंस. मी बारशाला यष्टीनंच येणार हाय. दोगं मिळून गाडीला सोंड लावा न्हायतर शेपूट, मला त्याचं काय न्हाय.

आता एक इचारते ते यांना सांगू नगंस. गाडी हवा कशी घेती? एकसारखी ओढती का आपल्यागत आत-भायेर करती? आनि खकाणा नेमका कुटं अडकतो? मी वखारीत वीस वर्सं तंबाखू चाळते, म्हणून इचारलं. दुसरं कारण न्हाय. सांजच्या साक्षरता वर्गाच्या बाई म्हनाल्या, जाणून घ्यावं.

तुझ्या बायकुला चिंचा पाठवल्यात. बांगडी फुटली तर बगून घेईन.

आक्का

*

येळ्ळूर,
३ मार्च १९७९

ती. दाजींस नमस्कार.

डबा तयार झाला. गुळाच्या लॉरीवरचे भीमाप्पा आमच्याच गावचे, त्यांच्याबरोबर पाठवतोय. ढेपांच्या वर ठेवायला सांगितलंय, खाली नको. आत तारेची बारीक जाळी एकपदरी, बाहेर नळी, वर झाकण म्हणून फिरकीची चकती, ती हातानं सुटते. बांगडीच्या मापावर तोंड केलंय, कागदही मध्ये जाणार नाही. बांगडी आता फोरमननी कपाटात ठेवलीय, म्हणतात असं अचूक गेज कारखान्यात दुसरं नाही. लवकरच सोडवून आणतो.

एक विनंती. त्यात स्वतःच्या डोक्यानं काही घालू नका.

भावकू

*

येळ्ळूर,
३ मार्च १९७९

ती. आक्कास नमस्कार.

गाडी हवा एकसारखी ओढते, बाहेर टाकते ती मागच्या नळीतून. खकाणा डब्यात अडकला पाहिजे, नाही अडकला तर इंजिन खातं. साक्षरतेच्या बाईंना माझा नमस्कार सांग.

एक गोष्ट दाजींना बोलू नकोस. मी लिहिलंय की डब्यात एकच जाळी आहे. पण तुमच्या वखारीची धूळ आठवली आणि माझं मन मला खायला लागलं. म्हणून जाळीमागं लोकरीच्या नमद्याची एक चकती डिंकानं पक्की चिकटवलीय. दाजींना कळलं तर म्हणतील, मेहुण्याचा स्वतःच्या जाळीवर विश्वास नाही.

तुझा,
भावकू

*

निपाणी,
१२ मार्च १९७९

चि. भावकूस,

पोटभर आशीर्वाद. डबा आला. त्याला गुळाचा वास येतो आणि मुंग्या लागल्या होत्या, त्या झाडल्या. बसवला तेव्हा असा आवाज आला, टक्, जशी सुपारी फुटावी. आख्खी गल्ली बघायला आली. आण्णाप्पा शिंप्यानं नळीला कान लावला आणि म्हणाला, "समुद्र ऐकू येतोय."

सपाटीवर चिकोडी रस्त्यानं दोन मैल पळवली. हरणासारखी गेली. घाटात मुद्दाम नेली नाही. घाट पहिल्यांदा तिला शेजारी घेऊनच चढायचा.

तू म्हणालास, स्वतःच्या डोक्यानं काही घालू नका. मी डोक्यानं घातलं नाही, परसातून घातलं. घोसाळ्याची वाळलेली जाळी असते ना, अंग घासायची, ती गोल कापून तेलात बुडवून तुझ्या जाळीवर ठेवली. इतकं छान बसलं की देवानं घोसाळं त्यासाठीच केलं असावं. तुझ्या डब्यात काही कमी आहे म्हणून नाही रे, गाडीची मला माया आहे म्हणून. आक्काला सांगू नकोस. तिनं अंग घासायला जाळी शोधली, मी म्हटलं उंदरानं नेली.

ती अजून यष्टीचंच बोलते. पण काल पुढची सीट कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेली दिसली. मी पुसली नव्हती.

देवाप्पा

*

निपाणी,
२८ मार्च १९७९

भावकूस,

तार मिळाली. मुलगी झाली. मी वखारीत सगळ्यांस्नी साखर वाटली, यांनी गाडीला हार घातला. गाडीला कशाला म्हनून इचारलं तर म्हनाले, तिची आत्या हिच्यातनं जाणार.

जाणार हाय मी. यांना अजून सांगितलं न्हाय. शनवारपासनं रोज सकाळी गाडी पुसत्यात आनि माझ्याकडं बगत न्हाईत. मुद्दाम बगत न्हाईत. माणूस किती बगत न्हाय ते दिसतं मला.

पण ह्या खेपेला घाटात थांबायचं न्हाय. म्हनून मी माझी अक्कल लावणार. वखारीत आमी बायका नाकाला दुपदरी फडकं बांधतो, जुन्या लुगड्याचं, लई धुतलेलं, मऊ. खकाण्याचा एक कण आत येत न्हाय आनि दम पण कोंडत न्हाय. माणसाला दुपदरी, तर एवढ्या मोठ्या धुडाला चौपदरी नगं का? बारशादिवशी सकाळी हे आंघोळीला गेले की चकती फिरवून डब्याच्या तोंडावर चौपदरी लुगडं, खोबरेल लावून, बसवणार. यांना तू बोललास तर नाव ठेवायला येणार न्हाय, सांगून ठेवते.

पोरीला दृष्ट लावून घेऊ नका.

आक्का

*

येळ्ळूर,
२ एप्रिल १९७९
(अतिशय तातडीचं)

ती. दाजींस,

बाळबाळंतिणीच्या धावपळीत आक्काचं पत्र आजच फोडलं. बुधवारी निघण्याआधी डबा उघडा. आत माझी जाळी, माझा नमदा (होय, मी घातलाय, मारा मला), तुमचं घोसाळं, आणि बुधवारी सकाळी त्यावर आक्काचं चौपदरी लुगडं येणार आहे. ती मला सोडणार नाही, तरी सांगतो. गाडीनं श्वास घ्यायचा कुठून? काहीतरी एकच ठेवा.

तार करणार होतो. पोस्टात गेलो, फॉर्म घेतला, आणि लिहिणार काय? "लुगडं काढा"? पोस्टमास्तर आमच्याच गल्लीत राहतात. म्हणून कार्डच टाकतोय. बुधवारच्या आत पोचो.

भावकू

*

येळ्ळूर,
९ एप्रिल १९७९

ती. दाजी आणि ती. आक्का यांस नमस्कार.

तुम्ही गेलात आणि घर रिकामं झालं. बारशादिवशी साठ माणसं जेवत होती, तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड झाली नाही. म्हणून विचारतो, खरं सांगा.

बारसं अकराला होतं. अकरा वाजले, बारा वाजले. पाळण्याभोवती बायका ताटकळल्या. मनुबाई आजी म्हणाली, "चुलत आत्या हाय की हितं, ती घेईल नाव, पोर झोपलं म्हंजे पुन्यांदा उठवायचं कुनी?" मी म्हटलं, माझी आक्का येणार. "कशानं येणार? डुकरानं?" आणि सगळ्या हसल्या. मी दारात उभा. दोन तास उभा. माझं कार्ड पोचलं नसणार हे मला कळून चुकलं होतं.

सव्वाला हॉर्न ऐकला. गाडी आली ती काय डौलात आली. आक्का पुढच्या सीटवर, कोपर खिडकीबाहेर, जशी काय निवडून आली. गल्लीतली पोरंसोरं मागं धावतायत, आणि साऱ्या गल्लीत खोबरेलात भजी तळल्याचा वास. पण दाजी, आक्का उतरली तर तिचे हात कोपरापर्यंत काळेकुट्ट. सोड्यानं धुतले, राखेनं घासले, निघेनात. बाळ रडायला लागलं म्हणून तशाच हातांनी तिनं ते उचललं, कानात मंजुळा म्हणाली, सगळ्यांनी कुर्रर्र केलं, आणि बाळाच्या गालावर ऑइलचं गोल काळं बोट उमटलं. मनुबाई आजी पदर घेऊन पुसायला धावली. तर बाळाची आई म्हणते, "राहू दे. काजळाच्या तिटीपरास ही घट्ट हाय." पाच दिवस झाले, अजून गेली नाही. ती पुसूच देत नाही.

तुम्हाला उशिराचं कारण विचारलं तर दाजी म्हणाले, संकेश्वरजवळ मेंढरं आडवी आली. आक्का म्हणाली, टिळकवाडीचं रेल्वे फाटक पडलं होतं. मेंढरं दोन तास जात नाहीत आणि फाटक दोन तास पडत नाही. मेंढरांनी कुणाचे हात काळे केलेले मी ऐकले नाहीत.

घाटात काय झालं?

तुमचा,
भावकू

*

निपाणी,
१४ एप्रिल १९७९

चि. भावकूस, आणि चि. मंजुळेस तिच्या काळ्या तिटीसकट आशीर्वाद.

तुझं तातडीचं कार्ड सहा तारखेला पोचलं. ते आम्ही दोघांनी मिळून वाचलं आणि तुझी आक्का खाटेवर आडवी पडून हसली. तुला माफी आहे. आता ऐक.

बुधवारी सकाळी आंघोळ करून आलो तर आक्का इरकल नेसून पुढच्या सीटवर बसलेली. मी तिच्या बाजूचं दार नीट लागलंय का ते दोनदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.

गावाबाहेर पडलो तोवर मागून काळा धूर. मी आरशात बघितलं आणि आरसा फिरवून ठेवला. खोबऱ्याचा वास यायला लागला. मी म्हटलं, "कुठंतरी भजी तळतायत." ती म्हणाली, "व्हय, तळत असतील." घाट लागला, तिसरा गिअर, दुसरा, पहिला, आणि भावकू, नेमकं तेच वळण. त्याच दगडाशी गाडी उभी राहिली. मी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मागून यष्टी आली. आक्काच्या बाजूचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. गेली, म्हटलं. आता पुन्हा ही सीट रिकामीच.

यष्टी हळू झाली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बेळगावला येताय? जागा हाय." बारसं अकराला, नऊ वाजून गेलेले. तुझी आक्का पदर खोचून म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. आमची गाडी हाय."

आमची म्हणाली. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मी उतरून बॉनेट उघडलं. आणि मग आमचं नाटक सुरू झालं. मला घोसाळं लपवायचं, तिला लुगडं. मी म्हटलं, "तू सावलीत बस, उन्हं चढलीत." ती म्हणाली, "तुमीच बसा, तुमचं वय झालंय." मी म्हटलं, "पाणी आण बघू." ती म्हणाली, "पाणी रेडिएटरात हाय की." शेवटी चकतीवर दोघांचेही हात. मी उजवीकडं फिरवतोय, ती माझे हात बाजूला सारतेय. चकती सुटली. वर लुगडं. मी म्हटलं, "हे काय?" तिनं लुगडं उचललं, खाली घोसाळं. ती म्हणाली, "उंदरानं हितं आणून ठेवलं व्हय?" घोसाळं उचललं, जाळीमागं तुझा नमदा. तेव्हा मात्र ती रस्त्यावर खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी. मी पण बसलो. दोन उसाचे ट्रक आमच्याभोवतून वळसा घालून गेले, ड्रायव्हरांना वाटलं असेल म्हातारा-म्हातारीला भूतबाधा झाली.

मग उठलो आणि निवड केली. तिथंच, घाटात. तुझा नमदा डिंकानं असा चिकटला होता की माझी नखं हरली, तो तिनं खरवडून काढला, हात इंजिनच्या ऑइलनं काळे झाले ते तिथं. आधी नुसतं घोसाळं घातलं. वळणापासून पुढच्या झाडापर्यंत गेलो, तंतू आत ओढले गेले, गाडीला ठसका लागला. उलट खाली आलो. मग नुसती तुझी जाळी. जोर छान, पण पुढून वाळूचा ट्रक गेला तसा जाळीत खडा वाजला. पुन्हा खाली. मग तिचं लुगडं, चौपदरी. गुदमरली. मी म्हटलं, "वखारीत तू चौपदरी बांधतेस का?" तिनं पदर बोटांनी मोजून पाहिले. मग म्हणाली, "गाडी मोठी म्हनून चार केलं. पर तिला नाक एकच की." तिनं घडी उलगडून दुपदरी केली, खोबरेल पिळून काढलं. तुझ्या जाळीवर, तुझ्या गार वाऱ्याच्या नळीमागं. भावकू, तिसऱ्या गिअरात घाट चढलो. माथ्यावर नंतरची एक यष्टी रेडिएटरात पाणी घालायला थांबली होती. तिला मागं टाकताना आक्कानं हॉर्नकडं हात नेला आणि मी वाजवू दिला.

उतरताना, चढताना, झाडापर्यंत जाऊन परत येताना, दोन तास ती माझ्या शेजारीच होती. पंचवीस वर्षं मालकाची गाडी चालवताना मनात जे होतं ते एका सकाळीत फिटलं. मेंढरांचं खोटं बोललो कारण पाहुण्यांत घोसाळ्याचं सांगायला लाज वाटली. तिचं फाटक का ते तिलाच विचार. ती शेजारी बसून पेन मागतेय.

देवाप्पा

भावकू, फाटक म्हनाले कारण लुगड्याचं मलाबी सांगवंना. आता वखारीत सगळ्यांस्नी सांगितलंय. बायका म्हनत्यात, आमच्या नवऱ्यांच्या सायकलींस्नी पण फडकं बांधून दे. त्यांस्नी काय समजावू?

उद्यापास्नं हे मला वखारीत सोडायला गाडी काढणार. वखार घरापास्नं दोनशे पावलं. चालत गेले तर लवकर पोचेन. म्हनून हळू चालवा म्हनून सांगितलंय, सगळ्या बायका दारात आल्याशिवाय आत वळायचं न्हाय.

आक्का